दोन पावत्या

नगर,
आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय छबू,



परवा तुझ्याकडे आले होते तेव्हा गॅसचं पुस्तक शोधायला तू मला कपाटाचा वरचा कप्पा उघडायला लावलास. पुस्तकाखाली प्लास्टिकची एक पिशवी होती. मी ती बाजूला सारणार, तेवढ्यात तू दारातून म्हणालीस, "बघ ना आत्या, काय आहे त्यात." दोन कागद होते. एक, गेल्या ३१ डिसेंबरला रात्रीच्या भक्तीत तू उचललेली वचनाची चिठ्ठी: यिर्मया, एकोणतीस, अकरा. दुसरा, ऑगस्टमधली कबरस्तानातल्या जागेची पावती. पदराला हात पुसत तू म्हणालीस, "ही देवाची पावती आणि ही कबरस्तानाची. सांग, खरी कोणती?"

कुकरची शिट्टी झाली आणि तू आत गेलीस. बरं झालं. चौतीस वर्षं मराठी शिकवलं मी. पोरांच्या प्रश्नाला उत्तर नसलं की फळा पुसायला घ्यायचे. परवा तुझ्या पिशवीची घडी घालत बसले.

हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाशी चार दिवस केलेली झटापट. आपल्या मंडळीच्या मासिकालाही ते देते आहे, तुला विचारूनच. तू म्हणालीस, "दे. नाव मात्र घरातलंच राहू दे." असे दोन कागद एकत्र जपणारी तू एकटी नाहीस, म्हणून देते आहे.

आधी माझी चूक कबूल करते. जावईबापूंच्या आजाराचं नाव कळलं त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर मी तुझा हात धरला आणि म्हणाले, "चिठ्ठी आठवते ना? देवाने भविष्य दिलंय. चालत घरी येतील." प्रार्थनेची साखळी झाली, शुक्रवारचे उपास झाले, आणि ते घरी आले ते शववाहिनीतून. नंतर कुणीतरी तुझ्या तोंडावर म्हणालं की विश्वास कुठेतरी कमी पडला. ते वाक्य ज्याचं त्याचं. पण त्याची पहिली ओळ मीच त्या बाकावर लिहिली होती. देवाने जे कबूल केलं नव्हतं ते मी त्याच्या नावावर कबूल करून बसले. मला माफ कर.

आता ती चिठ्ठी. भिंतीवरच्या कॅलेंडरात, लग्नपत्रिकेत, गाडीच्या काचेवर, सगळीकडे हेच वचन. हिताचे संकल्प, आशा, भविष्य. पण ते एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्र वाचताना ते कुणाला आलं हे आधी बघायचं असतं. बाबेलच्या राजाने यरुशलेमेतली माणसं धरून नेली होती, ख्रिस्तपूर्व ५९७ च्या सुमाराला. घरदार सुटलेल्या, परमुलखात बसवलेल्या त्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पत्र धाडलं. त्यात आधी काय आहे? घरं बांधा, त्यात राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लेकरांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि मग मुदत: सत्तर वर्षं. त्यानंतर कुठे तुझ्या चिठ्ठीतलं वाक्य येतं.

सत्तर वर्षं, छबू. ज्यांच्यापुढे ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं असेल, त्यातली बहुतेक माणसं परदेशातच मातीआड जाणार होती. पंचविशीतल्या बाईने ते ऐकलं असेल तर तिने मनात हिशेब केला असेल: मी नाही, माझी लेकही कदाचित नाही, नातवंडं. आणि तरी ते वचन तिला दिलं होतं, तिला वगळून नव्हे.

माझ्यातली मराठीची बाई इथे अडते. त्या वाक्यातला 'तुम्ही' अनेकवचनी आहे. आपल्या भाषेची गंमत अशी की आदरार्थी 'तुम्ही' आणि अनेकवचनी 'तुम्ही' दिसायला सारखेच. त्यामुळे चिठ्ठी उचलणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, देव आपल्यालाच अहोजाहो करतोय. प्रत्यक्षात तो एका अख्ख्या समाजाशी, त्याच्या पुढच्या पिढ्यांशी बोलत होता. देव एकवचनी आहे हे मी आजही मानते. त्याचं वचन अनेकवचनी आहे, हे शिकायला मला बासष्ट वर्षं लागली. आपण ते कापून, रंगीत कागदावर छापून, बारा महिन्यांच्या मुदतीचं करून टाकलं.

मुदत कमी करून सांगणारे तेव्हाही होतेच. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाच्या मानेवर देवाच्या सांगण्यावरून जू होतं, ते हनन्याने काढून मोडून टाकलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयालाही वाटलं, तो आधी आमेनच म्हणाला, असंच होवो म्हणाला. त्याला काही सत्तर वर्षांची हौस नव्हती. पण खोटी मुदत लोकांचं दुःख हलकं करत नाही, दोन वर्षांनी ते दुप्पट करून परत देते. दवाखान्याच्या त्या बाकावर मी हनन्या झाले होते, आणि तुझ्या वाट्याला ते दुप्पट आलं.

तू म्हणशील, बरं, मुदत चुकली आपली. मग मी रडू की नको? ऑगस्टपासून तुला प्रार्थना करता येत नाही असं तू म्हणतेस. "तोंड उघडलं की तक्रारच निघते." मग निघू दे ना. दीडशे स्तोत्रांमध्ये तक्रारीची स्तोत्रं पानोपानी आहेत, आणि ती कुणी चोरून घुसडलेली नाहीत. देवाच्या घरात गायची म्हणून ठेवलेली आहेत. बहुतेकांच्या शेवटी उजेडाची एखादी तिरीप येते. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र अंधारातच संपतं. तरी ते पुस्तकातून कुणी काढलं नाही. वधस्तंभावर आपल्या प्रभूच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलंच गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं कुणापुढे घालतात? ज्याच्यावर आपला हक्क आहे त्याच्यापुढे. परक्या माणसापुढे आपण पदर सावरून बसतो. भांडतो ते माहेरच्यांशी.

विलापगीत काढून बघ. पाच अध्याय. यरुशलेम पडल्यानंतरचा आकांत, पण बांधलेला कसा आहे? हिब्रूत बावीस अक्षरं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात एकेका अक्षराने एकेक कडवं उघडतं. तिसऱ्यात एकेका अक्षराच्या तीन-तीन ओळी, म्हणजे सहासष्ट. आपण क पासून ज्ञ पर्यंत रडावं तसं. दुःखाला निदान बाराखडी मिळाली. देवाची दया दर सकाळी नवी असते हे आपण गातो ना, ते त्या तिसऱ्या अध्यायात, आकांताच्या ऐन मध्ये आहे. शेवटी नाही. त्यानंतर पुन्हा रडणं आहे, आणि पुस्तक संपतं ते देवाने आपल्याला टाकून तर दिलं नाही ना, या धास्तीवर. पाचव्या अध्यायात अक्षरांचा क्रमही सुटतो. म्हणून सकाळी तुला विश्वास वाटला आणि दुपारी गेला, तर तू पडलीस असं समजू नकोस. पुस्तकही असंच लिहिलं आहे.

हे झालं चिठ्ठीचं. आता जमिनीच्या कागदाचं सांगते, कारण तुझ्या पिशवीतला दुसरा कागद जमिनीचा आहे, आणि यिर्मयाकडेही एक होता.

बत्तीसावा अध्याय. यरुशलेमेला वेढा पडलाय. तटाबाहेर मोर्चे उभे राहिलेत, आत दुष्काळ आणि रोगराई. "शहर पडणार" म्हणतो म्हणून राजाने यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत ठेवलंय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत घे. सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. आता अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं स्वतःचं गाव, आणि त्याच गावच्या लोकांनी पूर्वी त्याच्या जिवावर उठून त्याला धमकावलं होतं. त्यातून यरुशलेमेलाच वेढा पडलाय म्हटल्यावर आजूबाजूचा मुलूख शत्रूच्या ताब्यातच गेलेला. अशी जमीन कोण घेईल? आपल्याकडे अशा व्यवहाराला येड्याची खरेदी म्हणतील.

देवाने घे म्हटलं म्हणून त्याने घेतली. सतरा शेकेल चांदी, आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर, ताजव्यात तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खताच्या दोन प्रती: एक मोहोर लावून बंद केलेली, एक उघडी. दोन्ही त्याने आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि सांगितलं, मातीच्या मडक्यात ठेव. पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? सह्या झाल्यावर, मडकं बंद झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेत देवालाच म्हणतो की हे मोर्चे बघ, शहर गेल्यात जमा आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस! शंका व्यवहारानंतर आली. आधी सही, मग घालमेल. आपल्याला शिकवलेलं उलट असतं: आधी मन शांत झालं पाहिजे, मग पाऊल. यिर्मयाचं मन ठिकाणावर नव्हतं; हात मात्र सही करून मोकळा झाला होता.

त्या शेतात त्याने नांगर कधी घातला नाही. शहर पडलं, आणि उरलेल्या लोकांनी त्याला ओढून मिसर देशात नेलं. खरेदीखत मडक्यात, मालक परदेशात. गोष्ट इथे संपली असती तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नसतं. पण एज्राच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, परत आलेल्यांची यादी आहे. तलाठ्याच्या दप्तरासारखी रुक्ष यादी; संडेस्कूलमध्ये आम्ही ती गाळून पुढे जायचो. त्यात एक ओळ अनाथोथच्या माणसांची आहे: १२८. कोरेश राजाने मोकळं केलेल्या लोकांमध्ये त्या गावचे एकशे अठ्ठावीस जण परत आले. त्यातल्या कुणी ते सतरा शेकेलचं शेत पिकवलं का, शास्त्र सांगत नाही. पण गाव वसलं. वचन खरं झालं, घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मात्र नाही.

हे मडकं वाचलं की मला आपल्या घरातलं मडकं आठवतं. तू आजीला म्हातारपणीच पाहिलंस. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी नऊ वर्षांची होते, तुझे पप्पा सहा. मिळायचा तो तांबडा मिलो आणि सुकडी. उतरंडीच्या तळाशी एका मडक्यात बियाण्याची बाजरी होती, राखेत घोळलेली, तोंड शेणामातीने लिंपलेलं. एका दुपारी भूक सहन न होऊन मी दगडाने ते तोंड फोडायला बसले. आई कामावरून आली, तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच भिंतीला टेकून रडली. म्हणाली, "ती बाजरी आपली नाही गं. ती पुढच्या पावसाची आहे." तिला वाचता येत नव्हतं. पाऊस कधी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा चिखल कालवून तिने मडक्याचं तोंड लिंपलं, आणि दुसऱ्या दिवशी खडी फोडायला गेली. त्या संध्याकाळी तिच्या मनात विश्वास किती होता कोण जाणे. तिच्या हातात होता, तो मी पाहिला.

आणि यिर्मया आपल्यापर्यंत मराठीत पोचवणाऱ्या हातांबद्दलही सांगायला हवं. नगरहून दौंडकडे गाडीने गेलं की केडगाव फार लांब नाही. तिथल्या मुक्तीसदनाच्या पंडिता रमाबाई तुला शाळेच्या धड्यात भेटल्या असतील: संस्कृतच्या विदुषी, शारदा सदनाच्या संस्थापक. धड्यात मरणं मोजलेली नसतात. तरुणपणी उपासमारीत आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा. मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि विधवा केडगावला घेऊन आली, कारण उपास म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आयुष्याची शेवटची बरीच वर्षं तिने एकाच कामाला दिली: हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं, अशा मराठीत की अल्पशिक्षित बाईलाही कळावं. छपाई मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली. काम संपत आलेलं असताना, जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईनंतर मुक्तीचा भार उचलेल असं जिच्याकडे पाहून सगळे म्हणत होते, ती. रमाबाई पुन्हा मेजाशी बसली. काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला तीही गेली. पूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला तो १९२४ साली.

छबू, लेकीला पुरून आल्यावर मुद्रितं तपासताना तिच्या हाताखालून काय काय गेलं असेल? मी ठरवून सांगू शकत नाही. पण वेढा, खरेदीखत आणि मडकं यांची ती पानं त्याच मेजावर मराठी झाली. ज्या बाईजवळ देवाकडे मागायला हिशेबाची अख्खी वही होती, तिने ती वही बाजूला ठेवून दुसऱ्या बायकांसाठी पानं लावली. तिला उत्तर मिळालं होतं असं मला वाटत नाही. तिच्याकडे बियाणं होतं.

जावईबापू का गेले याचं उत्तर माझ्याकडेही नाही, आणि कुणी ते घेऊन तुझ्या दारात आला तर त्याला चहा देऊन वाटेला लाव. मी आता फक्त तुझ्या प्रश्नाकडे येते. खरी पावती कोणती?

अब्राहामाला देवाने अख्खा देश कबूल केला होता. म्हातारा होईपर्यंत तो तंबूतच राहिला. त्या देशात त्याच्या नावावर झालेली पहिली जमीन कुठली, आठवतं? सारा वारली, तेव्हा हेब्रोनजवळ मकपेलाची गुहा त्याने एफ्रोन हित्तीकडून घेतली. एफ्रोन आधी "असंच घ्या" म्हणाला, मग हळूच किंमत बोलला: चारशे शेकेल. अब्राहामाने घासाघीस केली नाही. वेशीत बसलेल्या लोकांसमोर चांदी तोलली. शेत, गुहा आणि हद्दीतली झाडंसुद्धा खरेदीत धरली, सातबाऱ्यावर झाडांची नोंद असते तशी. वचन दिलेल्या देशातला पहिला तुकडा, आणि ती बायकोची कबर. इतकी वर्षं मी हा अध्याय अंत्यविधीला वाचतात म्हणून ऐकला. परवा तुझी पावती हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा कळला. अब्राहाम तिथून परत कसदी देशाला, मूळच्या मुलखाला निघून गेला असता तर कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. तो तिथेच राहिला. देवाने कबूल केलेल्या देशात त्याच्याजवळ एक कबर होती, आणि कबर कुणी वाऱ्यावर सोडून जात नाही.

तुझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते आपण वाचू शकतो. ती उघडी प्रत आहे. कबरस्तानाच्या पावतीवर नाव, तारीख, रक्कम आणि जागेचा नंबर, एवढंच दिसतं. त्या जागेचं पुढे काय होणार हे तिच्यावर नाही. दगड लोटलेल्या एका कबरेवरही मोहोर लावलेली होती आणि तिसऱ्या दिवशी ती मोहोर टिकली नाही, यावर आपली मंडळी उभी आहे. तोवर ही मोहोरबंद प्रत. यिर्मयाने एक प्रत खरी आणि दुसरी खोटी असं म्हटलं नाही. दोन्ही एकाच मडक्यात ठेवल्या.

म्हणून त्या दोन पावत्या वेगळ्या करू नकोस. एकाच पिशवीत राहू देत.

या ३१ डिसेंबरला तुला चिठ्ठी उचलायची नाही असं म्हणालीस. नको उचलूस. भक्तीलाही यावंसं वाटलं नाही तर दाराला कडी लावू नकोस, मीच साडेअकराला येईन. लेकरू झोपलेलं असेल. आपण दोघी बसू. तुला बोलायचं असेल ते बोल, देवाशी भांडायचं असेल तर भांड, मी मध्ये आमेनसुद्धा म्हणणार नाही.

येताना उतरंडीतलं एक लहान मडकं घेऊन येते. प्लास्टिकच्या पिशवीत कागदाला दमट वास लागतो.

तुझी,
आत्या